काटकसर : अपरिग्रहाचा घरगुती इतिहास

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नामावली असते, वास्तूच्या बांधकामाचा तपशील असतो आणि जमाखर्चाचे ताळेबंद असतात. ते असणे उचितच आहे. परंतु ताळेबंदाच्या जमेच्या बाजूस जी रक्कम दिसते, ती देणाऱ्याच्या घरात मुळात शिल्लक कशी पडली, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. समाजातील वसतिगृहे, धर्मशाळा, पाठशाळा आणि दवाखाने धनिकांच्या मोठ्या दानातून उभे राहिले, हे खरे आहे. परंतु त्यांचा नित्याचा खर्च चालला तो मध्यम स्थितीतील असंख्य कुटुंबांनी तेल, कापड, धान्य आणि सरपण यांत वाचविलेल्या आण्या-पैशांवर. त्या काटकसरीचा इतिहास थोडक्यात मांडावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आनंद श्रावकाचे अंदाजपत्रक

श्वेतांबर आगमांपैकी ‘उपासकदशांग’ या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला आनंद हा वैशालीनजीकच्या वाणिज्यग्रामातील गृहपती होता. त्याची संपत्ती बारा कोटी सुवर्णमुद्रांची सांगितली आहे. त्यांपैकी चार कोटी निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरविस्तारात होत्या. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे वाचून आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर-जंगम मालमत्ता अशी ही सरळ तीन समान भागांतील वाटणी आहे.

आनंदाने व्रत घेतले तेव्हा त्याने संपत्तीचा त्याग केला नाही; तिला मर्यादा घातली. आहे तेवढे पुरे, याहून अधिक नको, असा तो संकल्प होता. त्याचबरोबर त्याने दैनंदिन वापराच्या वस्तूही एकेक करून मोजल्या. दात घासण्यास ज्येष्ठमधाची ओली काडी, स्नानास आठ घागरी पाणी, नेसण्या-पांघरण्यास वस्त्रांची एक जोडी, अलंकार म्हणून कर्णभूषणे व नावाची मुद्रिका आणि पिण्यास आकाशातून पडलेले पाणी. बारा कोटींचा धनी स्नानाच्या घागरी मोजतो, यातच या परंपरेचे सारे मर्म आहे. गरिबाची काटकसर ही बहुधा परिस्थितीने लादलेली असते. श्रावकाची काटकसर मात्र ऐपत असताना स्वतःहून आखलेली सीमा आहे. तिचे शास्त्रीय नाव ‘परिमाण’.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त हाच विचार अधिक पद्धतशीर मांडलेला आढळतो. जन्मभरासाठी घेतलेली मर्यादा तो ‘यम’ आणि ठरावीक काळापुरती घेतलेली तो ‘नियम’. भोजन, वाहन, शय्या, स्नान, तांबूल, वस्त्र, अलंकार यांची मर्यादा एक दिवस, एक पंधरवडा, एक महिना, एक ऋतू किंवा एक अयन एवढ्या मुदतीची घेता येते. त्याच ग्रंथात, काही प्रयोजन नसताना जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे यांची गणना अनर्थदंडात, म्हणजे निष्कारण केलेल्या हिंसेत केली आहे. निरुपयोगी उधळपट्टीला पाप ठरविणारा हा विचार किती प्राचीन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

श्वेतांबर घरांत चालत आलेली ‘चौदा नियम’ धारण करण्याची प्रथा याच वृक्षाची शाखा होय. आज किती द्रव्ये खाणार, किती वस्त्रे वापरणार, किती जोडे, कोणते वाहन, किती वेळा स्नान, कोणत्या दिशेस किती दूर जाणार, हे सकाळीच ठरवावयाचे आणि सायंकाळी त्याचा आढावा घ्यावयाचा. व्यापारी मनुष्यास यात रोजमेळाची आठवण होते. फरक इतकाच की, रोजमेळ खर्च झाल्यानंतर लिहिला जातो आणि नियम खर्चाच्या आधी धारण केला जातो.

स्वयंपाकघरातील शास्त्र

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे वाटते. आपल्या आहारविषयक नियमांचा हेतू पैसा वाचविणे हा कधीच नव्हता. तो हेतू जीवदयेचा होता. बचत ही त्या झाडाची सावली होती. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकल्याने चूल लवकर विझत असे आणि रॉकेल कमी जळत असे. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस व हिवाळ्यात सात दिवसच चालते, या दिगंबर घरांतील मर्यादेमुळे गरजेपुरतेच दळण निघत असे. पाणी गाळून वापरावयाचे आणि गाळणातील जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडावयाचे, या श्रमामुळे प्रत्येक तांब्याचे मोल घरातील लहान मुलांनाही कळत असे. ताटात अन्न टाकावयाचे नाही, इतकेच नव्हे तर ताट धुऊन ते पाणीही प्यावयाचे, ही पद्धत उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून पडली. परंतु तिच्यामुळे वाढून घेतानाच हात आवरण्याची सवय लागली.

उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करणे ही महाराष्ट्रातील सर्वच समाजांची रीत होती. सुगीनंतर भाव उतरलेले असताना गहू, ज्वारी, तूरडाळ घ्यावी, उन्हे दाखवावीत, डाळीला एरंडेल चोळावे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालावा, असा तो क्रम असे. पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांचे दिवस त्याच सुमारास येत. चातुर्मासात आपल्या घरांत पालेभाज्या वर्ज्य असल्याने डाळी, कडधान्ये आणि वाळवणे यांवर विशेष भिस्त असे. वर्षाचा माल एकदम, योग्य हंगामात आणि रोखीने घेणे हे घाऊक खरेदीचे तत्त्व आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही महाविद्यालयात शिकावे लागले नाही.

कापडाचे सात जन्म

आमच्या कापड व्यवसायाच्या अनुषंगाने या विषयाचा थोडा विस्तार करतो, कारण घरखर्चात धान्याखालोखाल डोईजड खर्च कापडाचा असे. जुन्या पिढीचे गिऱ्हाईक मांजरपाट किंवा लठ्ठा घेताना कापड दोन बोटांत चोळून पाही. खळ किती आणि सूत किती, याची ती परीक्षा होती. कापड किती दिवस टिकेल हा पहिला प्रश्न, रंग पक्का आहे काय हा दुसरा आणि भाव हा तिसरा. मुलाचा सदरा शिवताना शिंपी आत दोन बोटे अधिक कापड दुमडून ठेवी आणि पुढील दोन वर्षांत ते उसवून सदरा वाढवीत. थोरल्याचे कपडे धाकट्याला येणे हे तर गृहीतच होते.

नऊवारी लुगडे बहुधा मधल्या भागात विरते. तेव्हा विरलेला भाग कापून काढून दोन चांगली टोके एकत्र शिवीत. त्याला दंड घालणे म्हणत. असे लुगडे नेसण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. तेही विरले की त्याची बाळासाठी दुपटी होत. मग अनेक जुनी लुगडी एकावर एक घालून गोधडी होई. धोतराचा पंचा, पंचाचे फडके, फडक्याचे पोतेरे आणि उरल्यासुरल्या चिंधीची दिव्याची वात, असा कापडाचा प्रवास चाले. यांतून जे निभावत नसे ते बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याच्या बदल्यात घरात एखादे भांडे येई. फेकून देण्याजोगे असे काही शिल्लकच राहत नसे.

साठच्या दशकापासून टेरिलीन आणि पुढे पॉलिएस्टरमिश्रित कापड बाजारात स्थिरावले. ते इस्त्रीविना चालते, लवकर वाळते, वर्षानुवर्षे विरत नाही, म्हणून मध्यमवर्गीय गृहिणीस ते किफायतशीर वाटले आणि एका अर्थी ते होतेही. परंतु त्याचा दुसरा जन्म होत नाही. ते पाणी टिपत नाही, त्यामुळे त्याचे चांगले फडके होत नाही. ते वितळते, म्हणून त्याची वात होत नाही. आज बहुतेक घरांतील कपाटे न फाटलेल्या आणि तरीही न वापरलेल्या कपड्यांनी भरलेली आहेत. जुन्या काळी कापड संपत असे, म्हणून नवे घेतले जाई. आता जुने संपण्यापूर्वीच नवे येते. हा बदल व्यापाऱ्याच्या गल्ल्याला मानवणारा असला, तरी इतिहास लिहिताना तो नोंदविणे कर्तव्य आहे.

टंचाईची वर्षे

काटकसरीची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी सूत व कापड नियंत्रणाचा आदेश निघाला, कमाल भाव ठरविण्यात आले आणि कापडावर किंमत छापणे गिरण्यांना बंधनकारक झाले. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड कापड’ या नावाचे जाडेभरडे कापड काढण्यात आले. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील नियंत्रण उठले, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लागू करावे लागले. नऊवारीची जागा पाचवारीने घेण्यास शिक्षण व नोकरी ही कारणे होतीच. परंतु चार वार कापड वाचते हा हिशेब टंचाईच्या काळात अनेक घरांनी केला, असे व्यापारातील वडीलधारी मंडळी सांगत.

१९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी अन्नटंचाईच्या काळात आठवड्यातून एक वेळचे भोजन सोडण्याचे आवाहन केले. एकासणे, आयंबिल आणि उपवास ज्या घरांत नित्याचेच होते, तेथे या आवाहनाचे पालन कठीण गेले नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला. पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला. १९७३ मध्ये जगभर खनिज तेलाचे भाव कडाडले आणि १९७४-७५ मध्ये आपल्याकडे घाऊक भाववाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली गृहिणींनी लाटणी घेऊन मोर्चे काढले, ते याच काळात. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्रित खरेदी करण्याची पद्धत रुजली. बेगमीचे जुने तत्त्व सहकाराच्या नव्या वेषात परत आले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आपल्या ट्रस्टची स्थापना याच दशकातील आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात आणून द्यावीशी वाटते. साखर आणि रॉकेलसाठी रांगेत उभे राहणाऱ्या कुटुंबांनी संस्था काढण्याचे धाडस केले, ते सुबत्तेच्या बळावर नव्हे.

पै-पैचा प्रवास

वाचविलेला पैसा ठेवावयाचा कोठे, हाही इतिहासाचाच भाग आहे. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै, म्हणजे एका रुपयात १९२ पै, असा तो काळ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पै इतिहासजमा झाली. ‘पै-पै जोडणे’ हा वाक्प्रचार मात्र टिकला.

१ एप्रिल १८८२ रोजी देशात टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली आणि लहान गावातील माणसालाही ठेव ठेवण्याचे सुरक्षित ठिकाण मिळाले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर पतपेढ्यांचे युग आले. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी योजना काढली. दाराशी येऊन रोज दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कम गोळा करणारी ही कल्पना पुढे आपल्याकडील पतसंस्थांनीही स्वीकारली. याखेरीज स्त्रियांची स्वतंत्र बँक होती ती भिशीची आणि डाळीच्या डब्याची. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत डब्यांच्या तळाशी ठेवलेल्या नोटा बाहेर आल्या आणि घरच्या लक्ष्मीने किती साठविले होते हे पुरुषमंडळींना प्रथमच समजले.

येथेच एक अप्रिय सत्यही नोंदवणे भाग आहे. काटकसरीचे श्रेय कुटुंबप्रमुखाला मिळाले. भार मात्र बहुतांशी स्त्रीने वाहिला. सर्वांत शेवटी जेवायला बसणारी ती, दंड घातलेले लुगडे नेसणारीही तीच. अनेक घरांत खर्चाला कात्री लागली ती प्रथम मुलीच्या शिक्षणाला आणि तिच्या वाट्याच्या दुधाला. तसेच वर्षभर घागरी मोजणाऱ्या घरांनी लग्नकार्यात मात्र कर्ज काढून पंगती उठविल्या, हेही खोटे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून जैन सभा-परिषदांच्या अधिवेशनांत विवाहातील अनाठायी खर्चाचा विषय पुनःपुन्हा चर्चेला आला, यावरूनच तो दोष किती खोलवर रुजला होता याची कल्पना येते. परिमाण हे घरातील प्रत्येकाला आणि प्रत्येक प्रसंगाला सारखे लागू असते. एकीच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या मांडवात उधळणे याला काटकसर हे नाव देता येत नाही.

शिल्लक कोठे गेली ?

काटकसर आणि कंजूषपणा यांत भेद कोणता, असा प्रश्न नव्या पिढीकडून नेहमी विचारला जातो. माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर खर्चाच्या बाजूला सापडत नाही, कारण दोघेही खर्च कमीच करतात. उत्तर शिल्लकेच्या बाजूला सापडते. कंजूषाची शिल्लक त्याच्याच तिजोरीत पडून राहते. काटकसरी मनुष्याच्या शिल्लकेला घराबाहेर जाण्याची वाट असते.

याची उदाहरणे आपल्या इतिहासात विपुल आहेत. मोत्यांचे व्यापारी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांनी ठिकठिकाणी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यात पुढाकार घेतला. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना शहरात राहून शिकणे शक्य झाले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. वसतिगृहांत मुलांना मिळालेले साधे जेवण आणि स्वावलंबनाची शिस्त हीही काटकसरीचीच शाळा होती.

या मालिकेतील सर्वांत उज्ज्वल उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे होय. कुंभोजच्या जैन कुटुंबातील भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरील दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही विकले, हे सर्वश्रुत आहे. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. गावोगावच्या गृहिणींनी दळणापूर्वी बाजूला काढलेल्या मूठभर धान्यानेही या कार्यास हातभार लावला. मूठभर धान्य कमी झाल्याने कोणाचे घर उपाशी राहिले नाही. त्या मुठींवर मात्र एक पिढी शिकली. काटकसरीचा अर्थ याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

आजचा हिशेब

आज परिस्थिती पालटली आहे. टंचाई संपली, रेशनच्या रांगा विसरल्या गेल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर उतरली. गेल्या कित्येक दशकांतील ती नीचांकी पातळी होती. याचा अर्थ सर्वच पैसा उधळला गेला असा नव्हे. घरे घेतली गेली, वाहने आली. पण कर्जेही वाढली. खिशातून नोट काढताना हाताला जी जाणीव होत असे ती मोबाईलवरून पैसे देताना होत नाही आणि हप्त्याची सोय असल्याने ‘मला परवडते काय’ या प्रश्नाऐवजी ‘हप्ता किती’ एवढेच विचारले जाते.

यावर उपाय म्हणून जुने दिवस परत आणा, असे मी म्हणणार नाही. दंडाची लुगडी आणि पोतेऱ्याची चिंधी परत येणार नाही, येऊही नये. परंतु तीन गोष्टी आजही सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, महिन्याच्या प्रारंभी मर्यादा ठरविणे; चौदा नियम रोज धारण करणे जमले नाही, तरी वस्त्र, वाहन आणि बाहेरचे खाणे या तिहींचे मासिक परिमाण कोणत्याही घरात ठरविता येईल. दुसरी, घरखर्चाची वही लिहिणे आणि ती पती, पत्नी व मुले यांनी एकत्र बसून वाचणे, म्हणजे कात्री एकाच्याच वाट्यास लागणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जी शिल्लक पडेल तिच्यातील काही भाग, मग तो कितीही अल्प असो, घराबाहेर जाईल अशी व्यवस्था करणे.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टच्या पावतीपुस्तकावर ज्या लहान रकमा लिहिल्या गेल्या, त्यांच्या मागे अशीच मोजलेली घागर आणि बाजूला ठेवलेली मूठ होती. पुढील पन्नास वर्षांच्या पावत्याही त्याच हिशेबातून फाटाव्यात, हीच वीतराग प्रभूंच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र !